अमान्सिओ डिसिल्वाची गिटार आणि समीक्षकांचा कान

1969 साली इंग्लंडमध्ये कोलंबिया कंपनीच्या छापाखाली, निर्माता डेनिस प्रेस्टन ह्याच्या लॅन्सडाउन मालिकेत, दोन ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्या. एकीचे नाव ‘इंटिग्रेशन’, दुसरीचे ‘हम दोनो’. पहिली अमान्सिओ डिसिल्वा ह्या गिटारवादकाच्या एकट्याच्या नावाने निघाली. दुसरीवर त्याच्या जोडीला जमेकात जन्मलेल्या जो हॅरियट ह्या आल्टो सॅक्सोफोनवादकाचे नाव होते. ह्या गोष्टीला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. ह्या काळात दोन्ही मुद्रिकांविषयी इंग्रजीत जे लिहिले गेले त्यात स्तुती पुष्कळ आहे, आणि तरीही ते वाचताना असे वाटत राहते की समीक्षकांनी मुद्रिकेचे वेष्टन फार काळजीपूर्वक वाचले आणि मुद्रिका मात्र थोडी घाईने ऐकली. मराठीत ह्या वादकाची स्तुतीही नाही आणि निंदाही नाही. जवळजवळ मौनच आहे. ती स्तुती आणि हे मौन हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय. दोहोंचे मूळ एकाच ठिकाणी आहे असे मला वाटते.

साहित्यसमीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात एका जॅझ-वादकाचा विचार कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रश्न संगीताचा आहे तितकाच ग्रहणाचा आहे. एखाद्या कृतीच्या कर्त्याचे नाव एका संस्कृतीत, जन्मभूमी दुसरीत आणि कलेची भाषा तिसरीत पडत असेल, तर समीक्षक त्यांतले काय उचलतो आणि काय टाकून देतो? अनुवादाचा व्यवसाय करणाऱ्याला हा प्रश्न नित्याचा असतो. म्हणूनच संगीतशास्त्राचा अधिकार नसताही, केवळ अनुवादकाच्या कानावर विसंबून, त्याची चर्चा येथे करीत आहे.

डिसिल्वाच्या चरित्रातला आवश्यक तेवढा भाग असा. जन्म 1936, कुटुंब गोव्याचे, उमेदीचा काळ मुंबईचा. त्या मुंबईत हॉटेलांच्या नृत्यगृहांतून आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांतून गोव्याच्या वादकांची एक संबंध पिढी उपजीविका करीत होती. पुढे त्याला जयपूरच्या राजघराण्याचा आश्रय लाभला. सिमल्यात वादन करीत असता एका आयरिश तरुणीशी परिचय होऊन विवाह झाला. आणि 1967 साली मुलाच्या औषधोपचारासाठी हे कुटुंब लंडनला गेले. तेथे दोन वर्षांच्या आत ह्या अनोळखी माणसाच्या नावाने ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिच्यात डॉन रेंडेल, इयान कार, डेव्ह ग्रीन, ट्रेव्हर टॉमकिन्स असे तेथील आघाडीचे वादक त्याच्या सोबतीला बसले, ही गोष्ट त्याच्या कर्तृत्वाची साक्ष देण्यास पुरेशी आहे. 1996 साली त्याचे निधन झाले.

आता ही मुद्रिका ज्या बाजारात आली तो बाजार पाहू. 1965 मध्ये बीटल्सनी आपल्या गाण्यात सतार वापरली. 1967 मध्ये रविशंकर मॉन्टेरेच्या महोत्सवात वाजवून आले, आणि येहुदी मेन्युहिन ह्यांच्याबरोबरची त्यांची सहवादनाची मुद्रिका त्याच वर्षी निघाली. लंडनमध्ये खुद्द प्रेस्टननेच, कलकत्त्यात जन्मलेले व्हायोलिनवादक-रचनाकार जॉन मेयर आणि हा हॅरियट ह्यांना एकत्र आणून, 1966 पासून ‘इंडो-जॅझ’ ह्या नावाच्या मुद्रिका काढल्या होत्या. त्यांत पाच वादक जॅझचे आणि पाच भारतीय पद्धतीचे, असा दुहेरी ताफा असे. सतारीवर दिवाण मोतीहार आणि तबल्यावर आपले केशव साठे. (साठ्यांनी लंडनमध्ये इतक्या निरनिराळ्या जातीच्या संगीताला ठेका दिला की त्यांच्यावर मराठीत एक स्वतंत्र पुस्तक व्हावयास हरकत नव्हती.) सारांश, 1969 च्या ग्राहकाला ‘भारत’ हवा होता आणि तो कसा ओळखावयाचा हेही त्याला ठाऊक झाले होते: सतार वाजली की भारत आला.

‘इंटिग्रेशन’मध्ये सतार नाही. तबला नाही, तंबोरा नाही. ‘हम दोनो’मध्येही नाही. गिटार, सॅक्सोफोन, ट्रंपेट, बास, ड्रम्स. दुसऱ्या मुद्रिकेत काही ठिकाणी नॉर्मा विन्स्टन हिचा शब्दविरहित कंठस्वर. एवढाच संच. प्रेस्टनला सतारिया मिळवणे मुळीच कठीण नव्हते. मेयरचा सगळा ताफा हाताशीच होता. तेव्हा हा अभाव म्हणजे एक निर्णय होता, मग तो कोणाचाही असो. आणि नेमका हाच निर्णय समीक्षेने ऐकला नाही. दोन्ही मुद्रिका ‘इंडो-जॅझ’ ह्या कप्प्यात ठेवल्या गेल्या, पूर्व-पश्चिमेच्या भेटीची भाषा त्यांना लावली गेली, आणि आजतागायत तीच लावली जाते.

हा भेद माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगतो. परकी संस्कृती आपल्या भाषेत आणण्याची एक सोपी रीत अशी की मूळ भाषेतील नामे तशीच ठेवावी. कादंबरीत ‘समोवार’ आला की वाचक समजतो, आपण रशियात आहोत. वाक्य मराठीच राहते, फक्त त्यात एक परके भांडे ठेवलेले असते. दुसरी रीत अवघड आहे. तीत नामे आपलीच असतात, पण वाक्याची चाल बदलते. क्रियापद कोठे यावे, विराम किती लांबावा, हे मूळ भाषेकडून शिकलेले असते. पहिली रीत वाचकाला लगेच दिसते. दुसरी त्याला दिसत नाही, फक्त जाणवते. इंडो-जॅझच्या पहिल्या मुद्रिकांत सतार हे पुष्कळदा समोवारासारखे ठेवलेले आहे. मेयर स्वतः कसलेला रचनाकार होता आणि त्याची राग-योजना विचारपूर्वक केलेली आहे, हे मान्य करूनही मी असे म्हणेन. डिसिल्वाने मात्र नामे जॅझचीच ठेवली आणि चाल बदलली.

चाल बदलली म्हणजे काय? गिटार हे पडद्यांचे वाद्य. दोन पडद्यांमधली जागा त्याला सहज मिळत नाही, आणि तार छेडली की स्वर विझू लागतो. आपल्या संगीताला हव्या असलेल्या मींडेशी ह्या दोन्ही गोष्टींचे वैर आहे. हे वैर मिटवण्याचा एक मार्ग ब्रिजभूषण काबरा ह्यांनी काढला होता. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, पडद्यांचा त्याग केला आणि तारेवरून धातूचा दांडा सरकवून अखंड मींड मिळवली. 1967 साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि माणिकराव पोपटकरांचा तबला ह्यांच्यासह ही गिटार घराघरांत पोहोचली. ती मुद्रिकाही वस्तुतः एक सहवादनच होती. तिचे झालेले स्वागत मात्र केवढे! कारण तेथे गिटारने भारतीयत्वाची परीक्षा उघड उघड दिली आणि ती उत्तीर्ण झाली. डिसिल्वाने ही परीक्षा दिलीच नाही. गिटार त्याने जॅझवाल्याप्रमाणेच धरली, पडदे ठेवले, स्वराचे विझणेही स्वीकारले. आणि त्या विझणाऱ्या स्वरांच्या भोवती कणस्वरांची, छोट्या खटक्यांची बारीक नक्षी अशी काढली की स्वर लांबला नाही तरी तो लांबल्याचा भास व्हावा. मींड नाही, पण मींडेची आठवण आहे. एका खुल्या तारेचा गुंजारव खाली ठेवून वरच्या तारांवर आलापासारखे फिरणे हाही त्याचा विशेष. पण ते करीत असता तो ‘मी आता आलाप करीत आहे’ असे श्रोत्याला सांगत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. ह्या वादनात आपल्याला जे भारतीय वाटते त्यातले सगळेच गोव्याहून वा मुंबईहून आलेले नाही. 1959 च्या मायल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून जॅझमध्ये एक मोठा पालट झाला होता. दर दोन मात्रांनी बदलणाऱ्या स्वरमेळांचे ओझे टाकून एका स्वरसप्तकावर दीर्घ काळ बढत करावयाची, ही रीत रूढ झाली होती. जॉन कोल्ट्रेनने तर 1961 मध्ये ‘इंडिया’ ह्याच नावाची रचना वाजवली. म्हणजे 1969 साली लंडनमध्ये एका गोमंतकीयाने ‘गॅन्जेस’ वाजवली तेव्हा गंगा त्याच्यापर्यंत न्यूयॉर्कच्या वाटेने येण्याचाही संभव होता. इंग्रजी समीक्षकाला ही वाट दिसत नाही, कारण वादकाच्या आडनावापुढे ‘भारतीय’ हे विशेषण लिहून तो मोकळा झालेला असतो. कोल्ट्रेनने राग ऐकला तर ते त्याचे आध्यात्मिक औत्सुक्य. डिसिल्वाने तोच स्वरसमूह घेतला तर तो त्याचा वारसा. एकाला निवडीचे श्रेय आणि दुसऱ्याला केवळ रक्ताचे, ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही.

ह्या वाटणीचा फोलपणा मुद्रिकेतील रचनांच्या नावांवरूनही सिद्ध होतो. ‘गॅन्जेस’, ‘जयपूर’, ‘महाराणी’ ही नावे समीक्षकांनी आवडीने उद्धृत केली. पण त्याच मुद्रिकेत ‘जॉयस कंट्री’ आहे. जॉयस कंट्री हा आयर्लंडच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख, आणि जॉयस हे वादकाच्या पत्नीचेही नाव. ‘हम दोनो’त ‘स्टेफानोज डान्स’ आहे. स्टेफानो हा मुलगा. ‘स्प्रिंग लो, स्वीट हॅरियट’ ह्या शीर्षकात ड्रम्सवादक ब्रायन स्प्रिंगचे आडनाव, हॅरियटचे आडनाव आणि अमेरिकी निग्रो भक्तिगीताचे एक प्रसिद्ध शीर्षक अशी तिहेरी कोटी साधली आहे. अनुवादकाने हात जोडावे अशी. आणि ‘बॅलड फॉर गोवा’ आहे. घर, गाव, मित्र, आश्रयदाते: कोणाही माणसाच्या आयुष्यात असावी अशी ही यादी. तिच्यातून तीन नावे काढून त्यांचा भारत बनवणे हे वाचन नव्हे, निवडणूक होय. ‘हम दोनो’ ह्या नावातही गंमत आहे. हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला ह्या नावाने 1961 चा देव आनंदचा चित्रपट आणि जयदेवांचे संगीत आठवेल. लंडनच्या ग्राहकाला त्यातून केवळ पौर्वात्य गूढता ऐकू आली असेल. वस्तुतः अर्थ एवढाच की आम्ही दोघे: एक कॅरिबियन बेटावरचा, एक कोकणकिनाऱ्यावरचा, आणि दोघेही परक्या थंडीत.

दोघांची ही जोडी ग्रहणाच्या दृष्टीनेही जुळती आहे. हॅरियटने 1960 च्या सुमारास मुक्त जॅझचे जे प्रयोग केले त्यांना ऑर्नेट कोलमनचे अनुकरण ठरवण्यात आले. तो स्वतंत्रपणे त्या ठिकाणी पोहोचला होता हे मान्य व्हावयास फार काळ लागला. एकाची कृती अमेरिकेच्या खात्यावर जमा झाली, दुसऱ्याची भारताच्या. दोघांच्या स्वतःच्या खात्यावर काही उरले नाही. 1973 साली हॅरियट विपन्नावस्थेत मृत्यू पावला.

‘इंटिग्रेशन’ ही सहवादनाची मुद्रिका आहे हे ध्यानात ठेवले तरच तिचे खरे सामर्थ्य कळते. रेंडेल आणि कार ह्यांचा पंचक-संच त्या दशकात इंग्लंडात नावाजलेला होता, आणि त्याच्या मध्यभागी मायकल गॅरिकचा पियानो असे. ह्या मुद्रिकेत पियानो नाही. ती जागा गिटारला मिळाली आहे. पियानोला दहा बोटे असतात आणि तो खोली भरून टाकतो. गिटार खोली भरीत नाही, ती खोलीत वावरते. त्यामुळे ट्रंपेट आणि सॅक्सोफोन ह्यांच्याभोवती हवा राहते. डिसिल्वा पुढारी असूनही पुष्कळ वेळ साथच करतो, आणि ही साथ विचार करण्याजोगी आहे. आपल्याकडे पेटीवाला वा सारंगिया गायकाच्या मागून येतो. गायकाने उमटवलेल्या पावलावर पाऊल ठेवतो. जॅझचा साथीदार उलट पुढे जाऊन जमीन घालतो, मग वादक तिच्यावर चालतो. डिसिल्वा ह्या दोन्ही रीतींत ये-जा करतो. कधी दोन स्वर टाकून पुढची दिशा दाखवतो, तर कधी सॅक्सोफोनचे वाक्य संपता संपता त्याचे शेपूट उचलून परत करतो. हे मागून येणे इंग्रजी कानाला लाजरेपणा वाटण्याचा संभव आहे. बैठकीत बसलेल्या आपल्या कानाला ते संगतीचे शील वाटावे.

साथीकडे समीक्षेचे दुर्लक्ष होणे ही केवळ लंडनची गोष्ट नाही. मी जेथे राहतो त्या भिलाईच्या शेजारी गनियारी हे गाव आहे, तीजनबाईंचे. कापालिक शैलीत उभ्याने पंडवानी सादर करणाऱ्या ह्या कलावतीवर देशात-परदेशात विपुल लिहिले गेले. तिचा वेष, तिचा तंबुरा, त्या तंबुऱ्याची क्षणात होणारी गदा ह्यांची वर्णने आपण वाचलेली आहेत. पण तिच्या शेजारी बसून हुंकार देणारा, प्रश्न विचारून कथा पुढे ढकलणारा जो रागी, त्याच्याविषयी किती ओळी आढळतात? त्याच्यावाचून पंडवानी उभीच राहत नाही.

मूल्यमापनाच्या दृष्टीने मुद्रिका निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. ‘गॅन्जेस’ मला तितकीशी समाधानकारक वाटत नाही. तेथे शीर्षकाने घेतलेली जबाबदारी रचना पेलत नाही आणि नदीचे चित्र पाहुण्यांना दाखवण्यासाठी भिंतीवर टांगल्यासारखे होते. काही ठिकाणी एका स्वरसमूहावर रेंगाळणे हे बढतीचे रूप न घेता नुसते रेंगाळणेच राहते. पण ‘जयपूर’ ही रचना दोन्ही मुद्रिकांत आहे, आणि ती दोनदा लागोपाठ ऐकणे हा एक निराळाच अनुभव आहे. पहिल्यात रेंडेल आणि कार ह्यांच्या वाद्यांची भारदस्त जोडी आहे. दुसऱ्यात हॅरियटचा आल्टो तिखट, किंचित फाटल्यासारखा, आणि त्यामुळे तीच चीज एकदम रस्त्यावर आल्यासारखी वाटते. पाश्चात्त्य परीक्षकाला अशा वेळी कोणता पाठ प्रमाण, असा प्रश्न पडतो. संग्राहकाला तर हमखास पडतो. आपल्या श्रोत्याला तो पडू नये. एकच बंदिश दोन घराण्यांच्या गायकांकडून ऐकण्याची त्याला सवय आहे, आणि प्रमाण पाठाचा आग्रह तो धरीत नाही. ह्या दृष्टीने डिसिल्वाचा खरा श्रोता लंडनमध्ये नसून पुण्या-मुंबईत असावयास हवा होता.

तो का नव्हता? आपली संगीतसमीक्षा दरिद्री मुळीच नाही. केशवराव भोळ्यांसारखा, पाश्चात्त्य वाद्यमेळाकडे मोकळ्या कानाने पाहणारा लेखक आपल्याकडे होऊन गेला. वामनराव देशपांडे ह्यांनी 1961 च्या ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय ह्यांच्या परस्पर प्रमाणावरून घराण्यांची जी मांडणी केली ती कोणत्याही भाषेने हेवा करावा अशी आहे. अशोक रानडे ह्यांनी तर संगीताच्या कोटी सांगताना ‘संगम’ ही स्वतंत्र कोटी मानली. साधने होती. पण ही बहुतेक साधने एका कंठावर, एका कलावंतावर, एका रागावर रोखलेली आहेत. अनेकांनी मिळून, कोणीही मुख्य नसताना, एकाच वेळी निरनिराळे बोलावे आणि त्यातून अर्थ निघावा, ह्या कल्पनेची आपल्या समीक्षेला फारशी सवय नाही. वामनरावांच्या कसोटीने डिसिल्वाचे वादन तपासता येईल, आणि ते लयीच्या बाजूला बरेच झुकलेले निघेल. पण पाच जणांच्या मेळाचे काय? कसोटी तेथे थांबते. ‘संगम’ हा शब्दही मला पुरेसा वाटत नाही. दोन नद्या आधी वेगवेगळ्या होत्या आणि मग मिळाल्या, असे तो गृहीत धरतो. गोव्याच्या खेड्यातील पॅरिश शाळेत चर्चच्या संगीतशिक्षकाकडून व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकणाऱ्या मुलांच्या पिढ्या, घरी होणारे तिसऱ्या-सहाव्या स्वरांच्या अंतराने दोन कंठांत गाइले जाणारे मांडो, त्याबरोबर वाजणारे घुमट: तेथे नद्या मिळण्याचा क्षण दाखवता येत नाही. घुमट तर देवळाच्या आरतीतही तेच असते.

ह्याहून अवघड कारण आहे, आणि ते बोलून दाखवले पाहिजे. मराठी रसिकाला गोवा फार प्रिय आहे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर, जितेंद्र अभिषेकी ही नावे तो आपल्याच घरची म्हणून घेतो, आणि ते योग्यही आहे. 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून केसरबाईंचा स्वर अंतराळात गेला तेव्हा आपल्याला झालेला आनंद निर्मळ होता. पण त्याच किनाऱ्यावरचे दुसरे संगीत आपण नाव न विचारता वापरले. 1951 च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या चालींना जो झोक आहे तो चिक चॉकलेट ऊर्फ अँटोनियो झेवियर वाझ ह्याच्या ट्रंपेटावाचून संभवत नव्हता. अँथनी गोन्साल्विस हे नाव 1977 मधल्या चित्रपटगीतामुळे सर्वतोमुखी झाले. ते माजोर्ड्याच्या एका व्हायोलिनवादकाचे, प्यारेलाल ह्यांच्या गुरूचे नाव आहे आणि त्या गुरूने 1958 मध्ये मुंबईत स्वतःचा सिम्फनी वाद्यवृंद उभारला होता, हे किती जणांना ठाऊक होते? राग गाणारा गोवा आपला आणि स्वरलिपी वाचणारा गोवा कोणाचाच नाही, अशी ही फाळणी आहे. नरेश फर्नांडिस ह्यांनी 2012 च्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’मध्ये मुंबईच्या जॅझचा इतिहास लिहिला तो इंग्रजीत. मराठीत तो प्रथम लिहिला गेला असता तर तो निराळा झाला असता असे मी समजतो, कारण ज्या मुंबईत तो घडला तिची बरीचशी भाषा मराठी होती.

येथे ‘इंटिग्रेशन’ ह्या शब्दाकडे वळतो. अनुवादक म्हणून मी त्याच्यापाशी बराच काळ अडलो आहे. 1969 च्या इंग्लंडात हा शब्द निर्वासित आणि वसाहतींतून आलेल्या काळ्या-सावळ्या लोकांसंबंधी वापरला जात होता; आदल्याच वर्षी, 1968 च्या एप्रिलात, इनॉक पॉवेलचे ते कुप्रसिद्ध भाषण झाले होते. भारतात त्याचे रूपांतर ‘राष्ट्रीय एकात्मता’ असे झाले. तिच्यासाठी 1961 मध्ये परिषद नेमली गेली. गोव्यात मात्र त्या दशकात ह्या अर्थाचा जो मराठी शब्द सर्वांच्या तोंडी होता तो ‘विलीनीकरण’. 16 जानेवारी 1967 रोजी, म्हणजे डिसिल्वा लंडनला गेला त्याच वर्षी, गोव्यात जनमत कौल झाला आणि महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय 34,021 मतांच्या आधिक्याने लागला. त्या कौलाने मराठी मनाला जी ठेच लागली तिचे पडसाद आपल्या नियतकालिकांत दीर्घ काळ उमटत राहिले. डिसिल्वाच्या मनात हे काही होते असे मी सुचवीत नाही. परंतु मराठी वाचक ह्या शीर्षकाचा अनुवाद करू लागला की त्याच्या हाताशी हेच दोन शब्द येतात, आणि दोन्ही ह्या संगीताला लागू पडत नाहीत. ‘एकात्मता’त आत्मा एक असावा लागतो. ‘विलीनीकरणा’त एकाने नाहीसे व्हावे लागते. येथे ड्रम्स ड्रम्सच राहतात, गिटार पडद्यांचीच राहते, आणि कोणी कोणात विरघळत नाही.

भिलाईचा रहिवासी म्हणून ह्या शब्दांविषयी मला एक जवळची ओळख आहे. 1955 च्या भारत-सोव्हिएत कराराने उभ्या राहिलेल्या ह्या पोलादनगरीला ‘मिनी इंडिया’ म्हणण्याची प्रथा आहे. बाहेरून येणाऱ्याला येथे एकात्मता दिसते. राहणाऱ्याला दिसते ते असे की मराठी, तेलुगू, मल्याळम, बंगाली, पंजाबी घरांची दारे लागली की प्रत्येक घर आपापल्या भाषेत जेवते. बाजारातली हिंदी सर्वांनी मिळून बनवली आहे आणि तिच्यावर छत्तीसगढीची छाप आहे. आणि कोणाचेही व्याकरण शुद्ध नाही. ह्या व्यवहाराला मी ‘मेळ’ म्हणेन. हा शब्द संगीतातही आहे आणि हिशेबातही: वाद्यांचा मेळ बसतो, जमाखर्चाचा मेळ लागतो. ‘इंटिग्रेशन’ह्या मुद्रिकेचे मराठी नाव करावयाचे झाले तर मी ‘मेळ’ असेच करीन.

नव्या शतकात ह्या मुद्रिकांना दुसरे आयुष्य मिळाले. मूळ प्रती शेकडो पौंडांना विकल्या जाऊ लागल्या, पुनर्मुद्रणे निघाली, तरुण श्रोत्यांनी त्या शोधून काढल्या. ह्यात आनंद मानावा. पण ह्या पुनरागमनानेही ग्रहणाची रीत फारशी सुधारली नाही. पूर्वी ‘भारतीय’ ह्या विशेषणाने ऐकण्याचे काम सोपे केले होते, आता ‘दुर्मिळ’ ह्या विशेषणाने केले. दुर्मिळता हा वस्तूचा गुण आहे, रचनेचा नव्हे. एखादे पुस्तक ग्रंथालयातून नाहीसे झाले म्हणून त्यातील गद्य सुधारत नाही. डिसिल्वाने 1972 मध्ये ‘कॉस्मिक आय’ ह्या संचाबरोबर ‘ड्रीम सीक्वेन्स’ ही मुद्रिका केली. तीत सतार आली आहे, स्वप्नाळू ध्वनींची आरासही आहे, आणि संग्राहकांचे तिच्यावर विशेष प्रेम आहे. ते साहजिक आहे. तेथे समोवार दिसतो. माझ्या मते ती मुद्रिका 1969 च्या जोडीपेक्षा कमी धाडसाची आहे.

त्याच सुमारास ध्वनिमुद्रित झालेली आणखी एक कृती तीन दशकांहून अधिक काळ अप्रकाशित राहिली आणि 2006 मध्ये, वादकाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, प्रथमच श्रोत्यांपुढे आली. तिचे नाव ‘कोंकण डान्स’. गंगा नाही, जयपूर नाही, महाराणी नाही. ह्या वेळी शीर्षकात त्याचा स्वतःचा किनारा आला होता. तो किनारा कोठे आहे आणि तेथे नाचताना पावले कोणत्या मात्रेवर पडतात, हे इंग्रजी परीक्षकाने सांगावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. रत्नागिरीपासून काणकोणापर्यंत ज्यांची आजोळे आहेत अशा मराठी लेखकांनी ते सांगावयास हवे होते, आणि अद्याप सांगितलेले नाही.